मौन संमती नसते तेव्हा

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात पाणलोटाच्या कामावर असताना माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती इतकी रोजच्या व्यवहारातली होती की ती चूक आहे हेसुद्धा मला तेव्हा कळले नाही. गावाच्या वरच्या उतारावर समतल चर खोदायचे होते. मोहाच्या झाडाखाली सभा भरली. पुरुष पुढे बसले, बायका मागे. मी नकाशा पसरून तासभर मराठीत योजना समजावून सांगितली, मजुरीचा दर सांगितला आणि शेवटी कोणाची काही हरकत आहे का, असे विचारले. कोणी बोलले नाही. दोघातिघा म्हाताऱ्यांनी मान हलवली. मी ठरावाच्या वहीत ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले, सह्या आणि अंगठे घेतले आणि अंधार पडायच्या आत तालुक्याला परतलो. पुढचे दोन महिने त्या कामावर एकही माणूस आला नाही. गावात त्या दिवसांत दुसरी मजुरी नव्हती, तरीही आला नाही. कार्यालयाला मी जे कारण लिहून दिले ते आठवले की आजही मान खाली जाते. मी लिहिले होते, ‘ग्रामस्थ उदासीन’.

खरे कारण मला पुढे त्याच गावातील एका वयस्कर गृहस्थांनी सांगितले. त्या उताराच्या एका अंगाला गावातील मृतांच्या आठवणीसाठी उभे केलेले दगड होते. मी ते पाहिले होते. मला ते नुसते दगड वाटले होते. हे सभेतच का सांगितले नाही, असे मी विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले की पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. तुम्ही गेल्यावर रात्री आम्ही गोंडीत बोललो आणि कामाला जायचे नाही असे ठरवले. म्हणजे त्या दिवशी गावात दोन सभा झाल्या होत्या. एका सभेचा ठराव झाला आणि दुसऱ्या सभेत निर्णय झाला, आणि ज्या सभेत निर्णय झाला तिथे मी नव्हतो, असतो तरी मला एक शब्द समजला नसता.

दर वर्षी ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन येतो आणि आदिवासी संस्कृतीचा आदर राखावा अशी भाषणे होतात. त्या भाषणांशी माझे भांडण नाही. पण आदर ही मनात बाळगायची भावना आहे असे मानले की तिचा हिशेब कोणी मागत नाही, आणि इथेच सगळे बिघडते. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे संविधानाने विशेष संरक्षण दिलेल्या आदिवासी भागात, काम करणाऱ्या शिक्षकाला, वनरक्षकाला, परिचारिकेला, तलाठ्याला आणि स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्याला तिथली भाषा, तिथला इतिहास आणि तिथली निर्णय घेण्याची पद्धत ठाऊक असणे ही त्याच्या कामाची पात्रता आहे, असे माझे म्हणणे आहे. डॉक्टरला शरीररचना माहीत नसेल तर त्याला आपण रुग्णाला हात लावू देत नाही. गावाची रचना माहीत नसलेल्या माणसाला मात्र आपण बिनदिक्कत गावावर सोडतो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांहून अधिक, म्हणजे राज्याच्या सुमारे ९.४ टक्के होती. नंदुरबार जिल्ह्यात तर दर दहा माणसांमागे जवळपास सात आदिवासी आहेत. एवढ्या लोकांशी राज्ययंत्रणेचा रोजचा संबंध येतो, आणि त्या संबंधाची सुरुवात कशी होते? बदलीच्या आदेशाने. गडचिरोली, मेळघाट, धडगाव, भामरागड ही नावे आदेशात वाचली की कर्मचाऱ्याच्या घरी सुतकी शांतता पसरते. वरिष्ठांची नाराजी ओढवलेल्या माणसाला तिकडे पाठवतात आणि त्याला ‘शिक्षेची बदली’ असे उघडपणे म्हणतात. मला या शब्दाचा फार राग येतो. एखाद्या समाजाची सेवा करणे ही दुसऱ्या कोणाला तरी दिलेली शिक्षा असेल, तर तिथे येणारा माणूस पहिल्या दिवसापासून सुटकेचे दिवस मोजत येतो, आणि समोरच्या माणसाला ते कळल्यावाचून राहत नाही.

भाषेचा प्रश्न मराठी माणसाला वाटतो त्यापेक्षा खोल आहे. वारली, कोकणी किंवा भिली बोली मराठी माणसाला निदान अंदाजाने थोडीफार कळते, कारण या भाषा एकाच मोठ्या कुळातल्या. गोंडी, माडिया आणि कोलामी या द्रविड कुळातल्या आहेत. तेलुगू-कन्नडशी त्यांचे नाते आहे. मेळघाटातील कोरकू तर आणखी वेगळ्या मुंडा कुळातली, झारखंडातील संताली आणि मुंडारीची लांबची बहीण. धारणी किंवा चिखलदऱ्यातील सहा वर्षांच्या मुलासमोर मराठी पुस्तक ठेवणे म्हणजे सोलापूरच्या मुलासमोर पहिल्याच दिवशी तमिळ पुस्तक ठेवण्यासारखे आहे. ते मूल गप्प बसते. शिक्षक त्याच्या नावापुढे ‘मंद’ असे लिहीत नाही, पण मनात तेच धरून चालतो. मूलही हळूहळू तेच धरून चालते.

धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. गावाने शिक्षक नेमले, गावानेच खर्च उचलला. प्रशासनाने ती शाळा अनधिकृत ठरवून नोटीस बजावली. शाळेला मान्यता लागते, अभ्यासक्रमाचे निकष असतात, हे सारे मान्य. पण ज्या खात्याला इतक्या वर्षांत गोंडी येणारे पुरेसे शिक्षक उभे करता आले नाहीत, त्याने गावाने उभी केलेली शाळा पाहायला आधी एक वही घेऊन जावे की एक नोटीस, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आमच्या पोरांना मराठी, इंग्रजी यायलाच हवे, असे गडचिरोलीतले आईबाप मला नेहमी सांगतात आणि त्यांचे बरोबरच आहे. मात्र मुलाने घरची भाषा दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवावी, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही.

आता इतिहासाविषयी. माझ्या मते संस्कृतीपेक्षाही इतिहासाचे अज्ञान अधिक घातक आहे, कारण संस्कृतीचे अज्ञान निदान लक्षात तरी येते. आपल्या शाळेत इंग्रजांचा जुलूम शिकवतात, पण १८७८ च्या वन कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्या माणसाला एका रात्रीत घुसखोर कसे केले हे शिकवत नाहीत. गोंड सरदार बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. महादेव कोळी समाजातील राघोजी भांगरे यांना त्याआधी दहा वर्षे, २ मे १८४८ रोजी ठाण्याला. ही नावे आज चौकाचौकांत फलकांवर आली आहेत ही चांगलीच गोष्ट आहे. त्या उठावांमागे सावकाराची वही होती, सारावसुली होती आणि जमीन हातची चालली होती, हे मात्र फलकावर मावत नाही.

डहाणू-तलासरीकडे ‘लग्नगडी’ हा शब्द अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येतो. लग्नासाठी शंभर-दोनशे रुपये कर्ज घेतलेला वारली तरुण ते फेडण्यासाठी जमीनदाराकडे गडी म्हणून राबे. त्याची बायकोही राबे, आणि कर्ज काही फिटत नसे. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने या वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. ज्या घरात ही आठवण आहे, त्या घरात सरकारी माणूस कोरा कागद घेऊन ‘इथे अंगठा लावा’ म्हणत शिरतो, तेव्हा घरातली बाई जी पाऊलभर मागे सरकते, ती अडाणीपणाने सरकत नाही. तिच्या आजीला अंगठ्याची किंमत कळली होती.

कातकऱ्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. रायगड-ठाण्याकडच्या कार्यालयांत एक वाक्य सर्रास ऐकू येते, ‘कातकरी एका जागी टिकत नाहीत, त्यांच्यासाठी काही करून उपयोग नाही.’ या समाजाचे नाव खैराच्या झाडापासून कात पाडण्याच्या धंद्यावरून पडले आहे. जंगल सरकारजमा झाले, खैर तोडायची बंदी आली आणि कात गेला. मग कोळसाभट्ट्यांवर ठेकेदाराकडे राबणे आले, आणि आता वीटभट्ट्या. दिवाळीनंतर भट्टीमालकाकडून उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे निघतात ती पावसाच्या तोंडावर परततात. उचल फिटली नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर. सर्वेक्षणाला आलेला कर्मचारी जानेवारीत वाडीवर जातो आणि ‘घर बंद’ अशी नोंद करतो. ही अस्थिरता त्यांच्या स्वभावात शोधणाऱ्याने आधी त्यांच्या पायाखालची जमीन कोणी काढून घेतली ते शोधावे. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, पण उचलीचा हिशेब अजूनही भट्टीमालकाच्याच वहीत असतो. हा इतिहास माहीत असलेला कर्मचारी सर्वेक्षणाची तारीख बदलेल. एवढाच फरक, पण त्या एका तारखेवर रेशनकार्ड, जातीचा दाखला आणि मुलाची शाळा अवलंबून असते.

माझ्यासारख्यांच्या या म्हणण्यावर एक सोपे उत्तर नेहमी तयार असते, आम्ही आदिवासी संस्कृतीचा सन्मान करतोच की. भिंतींवर वारली चित्रे काढतो, पाहुण्यांच्या स्वागताला रेला नृत्य ठेवतो. खरे आहे, ठेवतो. मंत्र्यांची गाडी तीन तास उशिरा येणार असते आणि आश्रमशाळेच्या मुली साज घालून तीन तास उन्हात उभ्या असतात, हे मी पाहिले आहे. वारली चित्रातला चौक मूळचा लग्नातला. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने सवाष्णी तो लिहितात, त्यात पालघाट देवी असते, आणि लग्नात धवलेरी गाणी म्हणत विधी चालवते, म्हणजे ते पौरोहित्य स्त्रीकडे असते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणली, जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज ते चित्र चहाच्या कपावर आणि उपाहारगृहाच्या भिंतीवर असते; धवलेरी कोण हे ते चित्र विकणाऱ्याला विचारले तर सांगता येत नाही. विकू नये असे मी म्हणत नाही. पण ज्याला त्या भिंतीमागचे घर ठाऊक नाही, त्याने चित्र लावले म्हणून त्या घराशी त्याचे नाते जुळले असे होत नाही.

हेच सणांचे. माडिया आणि गोंड गावांत नवे पीक, नवे फळ पंडुम हा सण झाल्याशिवाय खात नाहीत. पंडुम कधी, हे गावाचे जाणते लोक ठरवतात. ते दिनदर्शिकेत छापलेले नसते. बाहेरून आलेला माणूस त्याच दिवशी शिबिर ठेवतो आणि कोणी आले नाही म्हणून चिडतो. मोहफुलांचे दिवसही असेच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे, फुले टपटप पडत असतात तेव्हा, घरातली सगळी माणसे टोपल्या घेऊन झाडाखाली असतात, कारण ऊन चढले की गुरे आणि रानजनावरे फुले खाऊन टाकतात. हातातोंडाशी आलेले ते वर्षाचे पैसे असतात. शाळेच्या हजेरीपटावर त्याच दिवसांत लाल शेरे वाढतात. इंग्रजांनी मोहाकडे दारूचे झाड म्हणून पाहिले आणि फुलांवर निर्बंध घातले. आपणही स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे त्याच नजरेने पाहिले, आणि मोहफुले गोळा करण्यावरचे व साठवण्यावरचे निर्बंध महाराष्ट्रात उठले ते २०२१ मध्ये. जे फूल लोक भाकरीत घालतात, वाळवून ठेवतात, देवाला वाहतात, त्याच्याकडे गुन्ह्याची वस्तू म्हणून पाहणाऱ्या यंत्रणेवर त्यांनी विश्वास तरी कसा ठेवायचा?

विश्वास बसू शकतो, याची उदाहरणे गडचिरोली जिल्ह्यातच आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या आपल्या संस्थेचे रुग्णालय उभारताना आदिवासींना आधी विचारले की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. उत्तरे कोणत्याही अहवालात सापडली नसती अशी होती. मोठ्या इमारतीत हरवायला होते. नातेवाइकांना हाकलून देतात. डॉक्टर, नर्स पांढरे कपडे घालतात आणि आम्ही तर पांढऱ्या कापडात मृताला गुंडाळतो. तुमच्या दवाखान्यात देवही नाही. त्यानंतर जे रुग्णालय झाले ते झोपड्यांच्या वस्तीसारखे झाले, रुग्णाबरोबर घरचे राहू लागले आणि नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे. यात औषधशास्त्राने कुठेही माघार घेतली नाही. मलेरियाची गोळी तीच राहिली. ती घ्यायला माणूस दारापर्यंत येऊ लागला.

दुसरे उदाहरण मेंढा (लेखा) गावाचे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुष्कळांना माहीत आहे; तिच्यामागची शिस्त कमी लोकांना माहीत आहे. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाची हरकत असली तरी विषय पुढे ढकलतात, अभ्यासगटात बसून माहिती घेतात, पुन्हा चर्चा करतात. देवाजी तोफा यांच्यासारखे गावचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा बाहेरून आलेला पण सल्लागाराची जागा ओळखून असलेला सोबती, या जोडीने ते अनेक वर्षे चालवले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे ते देशातील अगदी पहिल्या गावांपैकी एक ठरले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा यांनी डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत सांगितले होते की आदिवासींना तुम्ही लोकशाही शिकवू शकत नाही, ती तुम्हालाच त्यांच्याकडून शिकावी लागेल. त्या वाक्याचा अर्थ मला मेंढ्याच्या सभेत मागच्या रांगेत बसून कळला.

यावर कार्यालयातून येणारा आक्षेप मी स्वतः वर्षानुवर्षे घेत आलो आहे. एवढा वेळ कोणाकडे आहे? मार्चअखेर निधी परत जातो. उद्दिष्ट पूर्ण करायचे असते. हा आक्षेप खोटा नाही, पण घाईत घेतलेल्या संमतीचा खर्चही कोणीतरी मांडावा. न वापरलेली शौचालये, कुलूप लागलेली समाजमंदिरे, गावाने न मानलेले ठराव यांवर गेलेला पैसा आणि वेळ त्यात धरावा. सुरजागडच्या डोंगरावर माडिया लोकांचे ठाकूरदेव आहेत, तिथे दर वर्षी जत्रा भरते, आणि त्याच डोंगरात लोहखनिजाची खाण आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी झाली ती शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोलीला. खाण असावी की नसावी यावर त्या भागातील लोकांतही मतभेद आहेत आणि रोजगाराची गरज मी हलकी मानत नाही. पण डोंगराखाली राहणाऱ्यांना जिथे सहज पोहोचता येत नाही तिथे त्यांचे म्हणणे ऐकणे, याला ऐकणे म्हणता येणार नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न वेगळाच आहे, आणि तो टाळला तर हा लेख अप्रामाणिक होईल. सगळ्या रूढींचा आदर करायचा काय? मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डाग देतात. गडचिरोलीत पाळीच्या दिवसांत बाईला कुर्माघरात राहावे लागते. पावसाळ्यात तिथे साप-विंचू निघतात, दार धड नसते, आणि बायका त्यात जीवही गमावतात. संस्कृती म्हणून याकडे पाहत गप्प राहणे हा आदर नाही. ती बेफिकिरी आहे, आणि तिची किंमत दुसऱ्याचे मूल मोजते. मात्र बाहेरच्या माणसाने कुर्माघर पाडायला निघणे हेही मी चूकच मानतो. इथे विचारायचे कोणाला, हा खरा प्रश्न आहे. पाटलाला आणि पुजाऱ्याला विचारले म्हणजे गावाला विचारले असे होत नाही. माझ्या त्या पहिल्या सभेत मागे बसलेल्या बायकांना मी एकदाही विचारले नव्हते. काही संस्थांनी बायकांशी बोलून पक्की, खाट आणि न्हाणीघर असलेली कुर्माघरे बांधली. प्रथा यामुळे टिकेल, असा आक्षेप त्यावर आहे आणि तो मला पटतो. तरीही या पावसाळ्यात त्या बाईने कुठे झोपायचे, या प्रश्नाला आक्षेप घेणाऱ्यांनी उत्तर दिलेले नाही. डाग देण्याचेही तसेच. भुमक्याला, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूला, शत्रू ठरवले की आई रात्री गुपचूप त्याच्याकडे जाते. त्यालाच सोबत घेतले आणि बाळ दवाखान्यात पाठवायची जबाबदारी दिली, तर निदान वेळ वाचतो. हे करायला कोरकू भाषा यावी लागते आणि भुमक्याच्या ओसरीवर बसता यावे लागते.

म्हणून माझी मागणी अगदी व्यवहाराची आहे. अनुसूचित क्षेत्रात नेमणूक होणाऱ्या प्रत्येकाला रुजू होण्याआधी तीन महिने तिथली भाषा आणि तिथला इतिहास शिकवावा, आणि शिकवणारे त्याच समाजातले, मानधन घेणारे लोक असावेत. भाषेची परीक्षा व्हावी आणि तिच्याशी वेतनवाढ जोडावी. ग्रामसभेचा ठराव गावाच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय वैध धरू नये. शिक्षेची बदली हा प्रकार लेखी आदेशाने बंद व्हावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने परंपरा आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेलाच आहे. वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत तर ‘ऐतिहासिक अन्याय’ असे शब्दच आहेत, आणि त्याच्या नियमांत जुन्या विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थळे हे हक्काचे पुरावे मानले आहेत. म्हणजे त्या उतारावरचे दगड, जे मला नुसते दगड वाटले, ते कायद्याच्या लेखी गावाच्या हक्काचा पुरावा होते आणि मी त्यांच्या शेजारून चर काढायला निघालो होतो.

त्या गावात मी पुन्हा गेलो तेव्हा नकाशा नेला नाही. ज्यांनी मला कारण सांगितले होते, त्या गृहस्थांबरोबर आधी उतार चालून आलो. त्यांनी कोणता दगड कोणाचा ते सांगितले, त्यांच्या वडिलांचाही दाखवला. सभा गोंडीतच झाली, शेजारच्या गावातील एक शिकलेली मुलगी मला हळू आवाजात सांगत होती. या वेळी पहिली बोलली ती मागच्या रांगेतली एक बाई. पाणी अडवायचेच असेल तर नाल्याच्या वरच्या वळणावर अडवा, तिथे उन्हाळ्यातही ओल असते, असे तिने सांगितले. निर्णय त्या दिवशी झाला नाही. वही मी गावातच ठेवून आलो. ती तीन आठवड्यांनी परत आली, तीत तीन अटी होत्या आणि पहिली अट अशी लिहिली होती: ‘वरचा उतार सोडून.’